चौकात गाडी ठोकली, आक्का नुसती शेजारी बसलेली. क्लेम टाकायचा तर चुलतभावावरपण टाकावा लागतो का?

तासगावकर_धाकटा

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितोय, लांबलंय पण पूर्ण वाचा ही विनंती.

माझी थोरली बहीण, आम्ही आक्का म्हणतो, वय ४३, तासगावात घरीच शिलाईकाम करते, ब्लाऊज, परकर, आणि जूनच्या तोंडावर शाळेचे युनिफॉर्म. चार महिन्यांपूर्वी साताऱ्याला भाच्याचा साखरपुडा होता, तो उरकून रात्री परत निघालेलो, चुलतभाऊ गाडी चालवत होता, मी त्याला दादाच म्हणतो, गाडी आमच्या चुलत्यांच्या म्हणजे आप्पांच्या नावावर. आक्का पुढं दादाच्या शेजारी, बेल्ट लावलेला. मी आणि दाजी मागच्या गाडीत होतो. साडेदहा वाजून गेलेले, चौकातला सिग्नल नुसता पिवळा लुकलुकत होता. आमची गाडी मोठ्या रस्त्यानं सरळ आणि डावीकडच्या आडरस्त्यानं भाजीचे रिकामे क्रेट भरलेली पिकअप सुसाट आली ती थेट आक्काच्या दरवाज्यावर. आक्कानं घाबरून उजवा हात डॅशबोर्डला टेकवला आणि मनगट आतून पिचलं, डाव्या बाजूच्या दोन बरगड्यांना चीर. दादाला फक्त खरचटलं.

साताऱ्यातच ऑपरेशन झालं, प्लेट टाकली, बिल १ लाख ३८ हजार, त्यातले ९० हजार दाजींच्या कंपनीच्या मेडिक्लेममधून मिळाले. पोलिसांनी गुन्हा पिकअपवाल्यावर नोंदवलाय. हात बरा झाला असं डॉक्टर म्हणतात, पण मनगट निम्मंसुद्धा वळत नाही. परवा मी समोर बसलेलो, तिनं कात्री हातात धरली, कापडावर ठेवली, पण दाब देता येईना, कापड कापायच्या ऐवजी नुसता वळ उठला. तिनं कात्री खाली ठेवली आणि मला म्हणाली चहा घेतोस का. तेव्हापासून मला झोप नाही.

आता प्रश्न. पिकअपच्या इन्शुरन्सवाल्यांचा माणूस घरी येऊन गेला, म्हणतो चूक दोघांची, निम्मी तुमच्या गाडीची, त्यामुळं ५० हजारांत मिटवा, इथं सही करा. एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की क्लेममध्ये आप्पांनापण पार्टी करावं लागेल. हे घरात कळलं आणि काकी दोन दिवस जेवल्या नाहीत, घरच्या माणसावर केस घालता होय म्हणून. आक्का म्हणते सोडून दे, मला नको कुणाचं काय.

अजून एक गोष्ट आहे, ती कुठं बोललेलो नाही. आक्का सांगते चौकाच्या आधी ती दादाला हळू घे म्हणाली होती आणि त्यानं गाडी हळू केली नाही. पोलिसांनी तिसऱ्या दिवशी दवाखान्यात जबाब घेतला तेव्हा ती गुंगीत होती, त्यात लिहिलंय मला काही दिसलं नाही. आता हे लपवायचं की सांगायचं? सांगितलं तर दादा अडकतो, नाही सांगितलं तर आक्काच्या मनाला लागून राहतं.

---

कोर्टात_रोज

सगळ्यात आधी, त्या कागदावर सही करू नका. फुल अँड फायनल लिहिलेल्या व्हाउचरवर सही झाली की पुढं ते मोडून काढायला दुप्पट दम लागतो.

मी सांगलीला वकिली करतो, एमएसीटीच्या, म्हणजे मोटार अपघात भरपाईच्या कोर्टातल्या, मॅटर बऱ्याच बघितल्यात, त्यामुळं जरा सविस्तर सांगतो.

शेजारी बसलेल्या माणसाची अपघातात चूक कसली? तुमच्या आक्का स्टेअरिंगवर नव्हत्या, ब्रेक त्यांच्या पायाखाली नव्हता, बेल्ट लावलेला होता. दोन गाड्यांच्या चुकीनं तिसऱ्याला लागलं की त्याला आम्ही संयुक्त निष्काळजीपणा म्हणतो. जखमी माणसाची स्वतःची काही चूक असली की मग त्याचे पैसे त्या प्रमाणात कापतात, ती वेगळी गोष्ट. इन्शुरन्सचा माणूस या दोन्हीची खिचडी करून तुमच्यापुढं ठेवतोय. दोघांची निम्मी निम्मी चूक धरली तरी आक्कांच्या रकमेतला रुपया कमी होत नाही, ती वाटणी त्या दोघांच्या आपसातली. सुप्रीम कोर्टानं २०१५ साली खेन्येईच्या निकालात सरळ सांगितलंय की अशा वेळी जखमी माणूस दोघांकडून किंवा दोघांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण भरपाई वसूल करू शकतो.

म्हणजे आप्पांना पार्टी करणं हे कायद्यानं बंधनकारक नाही. तरी वकील करतात, कारण नुसत्या पिकअपवर टाकलं तर त्यांची कंपनी पहिल्याच लेखी म्हणण्यात लिहिणार की खरी चूक कारवाल्याची होती आणि त्याला पार्टीच केलं नाही. दोघं समोर असले की कोर्ट एकाच निकालात कुणाची किती टक्के ते ठरवून टाकतं आणि वाद तिथंच मिटतो.

काकींना एक गोष्ट समजावून सांगा. गावाकडं केस म्हटलं की पोलीस, जामीन, तारखेला हजर राहा असंच डोळ्यापुढं येतं. हा फौजदारी खटला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा भरपाईचा अर्ज आहे, आक्का अर्जदार, बाकीचे सामनेवाले. यात आप्पांना ना शिक्षा होते ना दादाचं लायसन जातं. पॉलिसी बरोबर असली तर पैसेही विमा कंपनी भरते. ती पॉलिसी मात्र आजच्या आज बघा.

आणि मुदत! १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज टाकायचा असा नियम आलाय. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण तुम्ही त्या भरवशावर बसू नका. चार महिने गेलेत, दोन हातात आहेत. अपघात साताऱ्याचा असला तरी आक्का राहतात ते तासगाव, त्यामुळं अर्ज सांगलीला टाकता येतो, दर तारखेला हात गळ्यात बांधून साताऱ्याला जायची गरज नाही.

---

वाळव्याची_लेक

दादा, तुमच्या आक्काचं वाचून मला माझेच दिवस आठवले म्हणून लिहिते. २०१९ ला माझ्या मोठ्या दिरांच्या गाडीत बसले होते आणि चौकात टेम्पोनं उडवलं, माझा गुडघा गेला. आमच्या घरी पण हेच, भाऊजींचं नाव कागदावर आलं म्हणून सासूबाई वर्षभर नीट बोलल्या नाहीत. मी काय केलं, भाऊजींनाच वकिलांकडं सोबत घेऊन गेले, वकिलांनी त्यांच्या तोंडावर सांगितलं की तुमच्या खिशातून काही जाणार नाही, पॉलिसी पॅकेज, म्हणजे फुल इन्शुरन्स, आहे. तिथून त्यांनीच पुढाकार घेतला, आरसीची झेरॉक्स, लायसन, पॉलिसी सगळं त्यांनीच आणून दिलं. घरातल्या माणसाला आडून कळलं की राग येतो, समोर बसवून सांगितलं की येत नाही, हा माझा अनुभव.

आक्का सोडून दे म्हणते ना, तिचं ऐकू नका असं नाही म्हणणार, पण ती का म्हणते ते बघा. बाईमाणसाला आपल्यामुळं घरात वाद नको असतात. हात तिचा गेलाय आणि जून आला की युनिफॉर्मवाले दारात येतील तेव्हा ती काय सांगणार? माझी केस पावणेतीन वर्षं चालली, शेवटी लोक अदालतीत मिटली, त्या पैशांतून मी गिरणी टाकली.

आणि खर्चाचं म्हणाल तर बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी फुकट वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, ते कोर्टाच्या आवारातच असतं. मला हे उशिरा कळलं.

---

विट्याचा_वाघ

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. ५० नाही, पण दोन लाखात मिटत असंल तर घ्या आणि मोकळं व्हा. कोर्टाच्या पायऱ्या झिजवून माणूस थकतो, वरनं घरात दुरावा. माझ्या मेव्हण्याच्या केसमधी चार वर्षं गेली.

---

कोर्टात_रोज

@विट्याचा_वाघ तुमचा मुद्दा खोटा नाही, वेळ लागतो. पण दोन लाख हा आकडा कुठून आणला? आकडा कसा निघतो ते बघितल्याशिवाय मिटवायचं की नाही हे ठरवताच येत नाही.

समजा आक्कांची शिलाईची कमाई महिन्याला १२ हजार धरली. वर्षाचे १ लाख ४४ हजार. वय ४३, स्वतःचा धंदा, त्यामुळं प्रणय सेठीच्या २०१७ च्या निकालाप्रमाणं भविष्यातल्या वाढीचे २५ टक्के त्यात मिळवायचे, झाले १ लाख ८० हजार. ४१ ते ४५ वयाला सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला गुणायचा आकडा, १४. म्हणजे २५ लाख २० हजार. आता कमावण्याची ताकद किती टक्के गेली ते बघायचं. २५ टक्के धरली तरी ६ लाख ३० हजार, आणि हे फक्त बुडालेल्या कमाईचं. औषधपाणी, जायचा यायचा खर्च, ज्या महिन्यांत मशीन बंद होती ते, वेदना, पुढं प्लेट काढायचं ऑपरेशन, हे सगळं त्यावर वेगळं.

इथं एक फार महत्त्वाची गोष्ट आहे, बरेच वकीलही तिच्यावर जोर देत नाहीत. अपंगत्वाच्या दाखल्यावरचे टक्के आणि कमाईचे टक्के एक नसतात. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सुप्रीम कोर्टानं उदाहरण दिलंय, डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराचं जवळपास सगळंच गेलं, पण सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. दाखल्यावर १८ टक्के आले म्हणून शिलाई करणाऱ्या बाईचं नुकसान १८ च असं धरायचं नाही. उजवं मनगट हाच तिचा धंदा आहे. तुम्ही जे लिहिलंय ना, कात्री टेकवली आणि नुसता वळ उठला, ते तिनं कोर्टात तिच्या शब्दांत सांगायचं. आणि ऑपरेशन केलेले डॉक्टर साक्षीला यायला हवेत, नुसता दाखला फायलीत लावून भागत नाही.

कमाईचा पुरावा आत्तापासून गोळा करा. मापं लिहिलेली वही, युनिफॉर्मची ऑर्डर देणाऱ्या दुकानदाराचं लेखी, फोन पेवर आलेले पैसे, धागा-अस्तराची बिलं. मापांच्या वहीत तारखा असतात, अपघातानंतर वही कोरी पडली हे एका पानावर दिसतं, त्याच्यासारखा पुरावा नाही.

मेडिक्लेमचे ९० हजार मिळाले म्हणून ते वजा होणार असं कंपनी म्हणेल. मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये सांगितलंय की मेडिक्लेमची रक्कम वजा करायची नाही, हप्ता भरला म्हणून ती मिळाली. तेव्हा १ लाख ३८ हजारांची सगळी बिलं लावा.

---

कराडचा_सर्व्हेअर

मी वाहनांच्या नुकसानीचे सर्व्हे करतो, त्यामुळं माझ्या बाजूचं सांगतो.

पॉलिसीचा मुद्दा वरती वकीलसाहेबांनी ओझरता सांगितला, पण तुमचं सगळं गणित त्याच्यावर आहे. प्रायव्हेट गाडीची मुख्यतः दोन प्रकारची पॉलिसी असते. नुसती थर्ड पार्टी असेल तर गाडीत फुकट बसलेला पाहुणा त्यात येत नाही, मग दादाच्या वाट्याचे जे टक्के ठरतील ते आप्पांच्या खिशातून जायची पाळी येते. पॅकेज असेल, ज्याला लोक फुल इन्शुरन्स म्हणतात, तर आत बसलेली माणसं त्यात धरली जातात, २०१२ च्या बालकृष्णन निकालात सुप्रीम कोर्टानं हा फरक स्पष्ट केलाय. हप्त्याच्या पावतीवर जाऊ नका, पॉलिसीच्या पहिल्या पानावर वरती काय छापलंय ते वाचा. थर्ड पार्टीच निघाली तर मग फक्त पिकअपवर टाकायचं की दोघांवर, हे वकिलांशी नीट बोलून ठरवा, कारण पिकअपच्या कंपनीनं सगळं भरलं तर आप्पांच्या हिश्श्याचं ती नंतर त्यांच्याकडून मागू शकते.

चूक कुणाची यासाठी घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा मिळवा. काच कुठं पडली, टायर घासल्याच्या खुणा आहेत का, असतील तर कुणाच्या आणि किती लांब. गाडीचे फोटो असतील तर डावीकडचा मार नेमका कुठं आहे ते बघा. पुढच्या दरवाज्याच्या मधोमध असेल तर तुमची गाडी चौकात निम्मी शिरल्यावर पिकअप येऊन आदळली असा अर्थ निघतो. आडरस्त्यानं येणाऱ्यानं मोठ्या रस्त्यावरच्या गाडीला वाट द्यायची असते आणि पिवळा लुकलुकत असला की हळू व्हायचं दोघांनीही असतं. चौकातल्या दुकानांचे कॅमेरे विचारलेत का? डीव्हीआरवर बहुतेक पंधरा-वीस दिवसांत जुनं पुसून नवं चढतं, त्यामुळं आता मिळायची आशा कमी, पण पोलिसांनी त्याच आठवड्यात घेतलं असेल तर ते कागदपत्रात असणार.

पोलिसांनी ४८ तासांत फर्स्ट ॲक्सिडेंट रिपोर्ट आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, २०२२ पासूनचा नियम आहे. चार महिने झालेत, त्या अहवालाची प्रत मागा. त्यात दोन्ही गाड्यांचे विम्याचे तपशील, लायसन, परमिट सगळं असतं.

आणि पिकअपवाल्याचं लायसन नुसतं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, आहे म्हणून कंपनी हात वर करायला लागली तर घाबरू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ठरवलंय की साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला तेवढं लायसन चालतं.

---

तासगावकर_धाकटा

सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे काल रात्री दाजींना वाचून दाखवलं.

पॉलिसी बघितली. आप्पांच्या मोबाईलमध्येच होती, पहिल्या पानावर प्रायव्हेट कार पॅकेज पॉलिसी असं छापलंय, तारीख पण चालू आहे. वाचल्यावर आप्पा दोनदा म्हणाले, परत वाच. फोटोत मार पुढच्या दरवाज्याच्या मधे आहे, पार मागच्या दरवाज्यापर्यंत गेलाय.

पण हळू घे म्हणाली होती त्याचं कुणीच सांगितलं नाही. मला तेच सगळ्यात जास्त खातंय.

---

कोर्टात_रोज

मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. पॉलिसी कुठलीही निघाली असती तरी याचं उत्तर तेच.

लपवू नका. आक्कांना प्रतिज्ञापत्रावर साक्ष द्यायची आहे आणि मग दोन्ही कंपन्यांचे वकील उलटतपास घेणार. पिकअपच्या कंपनीचा वकील पहिलाच प्रश्न हा विचारणार की तुमच्या गाडीचा वेग किती होता. त्या कधी खोटं बोललेल्या नसतील तर त्या प्रश्नाला अडखळतील, आणि एकदा साक्षीदार अडखळला की बाकीचं जे शंभर टक्के खरं आहे, कात्रीचं, मनगटाचं, त्यावरही संशय येतो. मी असा चांगला क्लेम हातातून जाताना बघितलाय, भावाला वाचवायला बहीण खोटं बोलली आणि वाचला कुणीच नाही.

खरं सांगितल्यानं दादाचं काय बिघडतं? फार तर कोर्ट म्हणेल कारची ३० टक्के, पिकअपची ७०. ते ३० टक्के आप्पांच्या गाडीची विमा कंपनी भरणार. आक्कांची रक्कम तेवढीच राहते. फौजदारी गुन्हा पिकअपवाल्यावर आहे, तो आपल्या जागी चालेल.

पोलीस जबाबाचं म्हणाल तर ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी, वेदनाशामक चालू असताना घेतलेला जबाब आहे, दवाखान्याच्या केसपेपरवर कुठल्या वेळी कुठलं इंजेक्शन दिलं ते लिहिलेलं असतं. तो केसपेपर मागून घ्या, नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. आणि प्रतिज्ञापत्र आक्कांना मराठीत वाचून दाखवल्याशिवाय त्यांना सही करू देऊ नका, मग वकील कुणीही असो.

फीचं पण सांगतो. मिळालेल्या पैशांतले इतके टक्के माझे असं कुणी वकील म्हणाला तर ते बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. ठरेल ते लेखी ठरवा.

---

वाळव्याची_लेक

मला पण उलटतपासात हेच विचारलं होतं, भाऊजी गाडी कशी चालवत होते. मी म्हटलं जोरात होती. भाऊजी कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि म्हणाले बरोबर सांगितलंस. आम्ही दोघंही काही बोललो नाही पुढं, रस पिऊन घरी आलो.

आक्काला एवढं सांगा.

---

विट्याचा_वाघ

मी माझं मागं घेतो. एवढा हिशोब मला माहीत नव्हता, मेव्हण्याला तर कुणी भविष्यातली वाढ बिढ सांगितलीच न्हाई. आक्कांना माझा नमस्कार सांगा.

---

तासगावकर_धाकटा

आज सकाळी दादा घरी आला. मी वाळव्याच्या ताईंचं लिहिलेलं त्याला पाठवलं होतं. आक्कासमोर बसला आणि बराच वेळ तिच्या मनगटाकडं बघत राहिला, मग म्हणाला, आक्का तू म्हणाली होतीस, मीच ऐकलं नाही, कोर्टात तसंच सांग. आक्का रडली, चार महिन्यांत पहिल्यांदा रडली. काकी अजून गप्प आहेत, पण दुपारी त्यांनी आक्कासाठी डबा पाठवला.

सोमवारी विधी सेवाच्या ऑफिसला जातोय, दादाच गाडी काढणार आहे. एफआयआर, पंचनामा, बिलं, मापांची वही, पॉलिसी, आरसी एवढं घेतलंय, केसपेपरसाठी साताऱ्याच्या दवाखान्यात फोन लावलाय, परवा या म्हणाले. अपंगत्वाचा दाखला कुठं काढायचा, सांगलीच्या सिव्हिलला की मिरजेला?

---

कराडचा_सर्व्हेअर

दोन्हीकडं सरकारी दवाखाना आहे, आधी ऑनलाइन नोंदणी करून मग डॉक्टरांच्या बोर्डाच्या दिवशी आक्कांना घेऊन जा, दिवस फोन करून विचारा. सगळे एक्स-रे न्या, ऑपरेशनच्या आधीचेपण. फिल्म घडी घालू नका आणि गाडीच्या काचेपाशी उन्हात ठेवू नका.